इद्दतीतला सिलिंडर

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक अरुंद कोनाडा आहे. त्यात गॅसचा सिलिंडर अगदी घट्ट बसतो. समोरून त्याचा वीतभर भाग दिसतो, बाकी सगळा अंधारात असतो. कोनाड्याच्या वर, चुन्याच्या भिंतीवर, पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा एकाखाली एक उभ्या आहेत. नवा सिलिंडर जोडला की माझे पती तिथं त्या दिवसाची तारीख लिहीत. त्यांच्या हातची शेवटची तारीख लिहिल्यावर दोनेक महिन्यांतच, थंडीतल्या एका पहाटे, ते गेले. फजरच्या नमाजासाठी उठले, हातपाय-तोंड धुऊन वजू केली, आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खुर्चीत बसले. मी चहा घेऊन आले तर डोळे मिटलेले होते. मला वाटलं, काहीतरी आठवत बसलेत.

त्यानंतर चार महिने दहा दिवस मी घरातच होते. आमच्यात नवरा गेल्यावर बाई इतके दिवस उंबरठा ओलांडत नाही. त्या काळाला इद्दत म्हणतात. मी मुरुमला एका वाचनालयात काम करते. सगळा जन्म पुस्तकांच्या कपाटांमध्ये काढलेल्या बाईला घरात बसणं काय अवघड, असं मला वाटलं होतं. पण पुस्तक उघडलं की तीच ओळ चार वेळा वाचायचे आणि पाचव्यांदा ती नवीन वाटायची. शेवटी पुस्तकं बाजूला ठेवली. सकाळचा चहा करताना शेगडीजवळ स्टूल ओढून बसायचे आणि ज्योतीकडे बघायचे. निळ्या पाकळ्यांचं एक कडं. मध्ये काहीच नाही.

ती ज्योत त्यांची आहे, असं मी धरून चालले होते. हा सिलिंडर त्यांनी जोडला. रेग्युलेटर त्यांच्या हातानं बसला. जोडल्यावर वाटीत साबणाचा फेस करून, जुन्या दाढीच्या ब्रशनं तो सांध्याला लावून, बुडबुडा येतो का हे ते वाकून बघत. आला नाही की म्हणत, "हं, आता पेटव." या सिलिंडरच्या वेळीही तसंच म्हणाले होते. त्यांचं घरातलं इतर सगळं स्थिर होतं: चष्मा, चपला, रेडिओ. हलणारी, गरम, जिवंत अशी एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातची उरली होती.

ते पंचवीसेक वर्षं आखातात होते. तिथं समुद्राच्या काठी एक धक्का आहे, त्याच्यावर गॅसची जहाजं भरतात. त्या धक्क्यावर ते नळांचे सांधे तपासायचं काम करत. आमचा संसार सुट्ट्यांतला. दोन वर्षांनी दोन महिने. कायमचे परत आले त्याला तीन वर्षंही झाली नव्हती. पण त्या तीन वर्षांत ते इतकं बोलले, की आधीच्या सगळ्या वर्षांची भरपाई करायची असावी. आम्ही घरात दखनीत बोलायचो; इथं मी ते मराठीत लिहिते आहे, आणि लिहिताना त्यांचा आवाज थोडा दूर जातो, हेही मला कळतं आहे.

ते सांगायचे, की समुद्राच्या तळाखाली खूप खोल गॅस आहे. तो वर काढतात आणि इतका थंड करतात, की त्याचं पाणी होतं. मी विचारायचे, "किती थंड?" ते म्हणायचे, "इतकं, की तुला सांगितलं तर तू अंगावर शाल घेशील." मग ते पाणी जहाजात भरायचं. काही जहाजांच्या पाठीवर गोल घुमट असतात, एकापाठोपाठ एक चार-पाच. "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मशिदी पोहायला निघाल्यात," असं ते म्हणाले होते. आपल्या चुलीचा गॅस म्हणजे तो नव्हे, हेही ते न विसरता सांगायचे. तो हलका, नळातून जाणारा. आपला जड, टाकीत भरून येणारा. "पण विहीर एकच. एका आईची दोन लेकरं म्हण."

इद्दतीतल्या दुपारी मला ती जहाजं दिसायची. परसदारी दगडी भिंत आहे, कमरेइतकी. तिच्यापलीकडे शेजारच्या अक्कांचं अंगण, अंगणापलीकडे रान. ज्वारी काढून झालेली, काळी जमीन भेगाळलेली, आणि उन्हानं क्षितिज पाण्यासारखं हलणारं. त्या पाण्यावरून पांढरे घुमट सावकाश सरकत. आवाज नाही, घाई नाही. एखादं जहाज आमच्या गल्लीपर्यंत येईल आणि वरून कुणीतरी टॉवेल खांद्यावर टाकून उतरेल, असं वाटत राहायचं. मी झोपलेली नसायचे. जागीही नसायचे.

हा सिलिंडर संपू नये म्हणून मी काय काय केलं, ते आता सांगायला संकोच वाटतो. चहा एकदाच. तांदूळ सकाळीच भिजत घालायचा, एक उकळी आली की गॅस बंद करून पातेलं जाड रजईत गुंडाळून ठेवायचं. भात आपला आपण शिजतो. दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच. दर जुम्म्याला ओलं फडकं सिलिंडरच्या समोरच्या भागावरून फिरवायचं. ज्या उंचीपर्यंत आत गॅस असतो तिथं ओल उशिरा वाळते. ही युक्तीही त्यांचीच. ती ओलसर रेघ दर आठवड्याला थोडी खाली सरकायची, पण मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार सावकाश. दोन महिने वापरलेला सिलिंडर आणखी तीन महिने चालला. मी शिकलेली बाई. तरी मनात एक शब्द आला आणि बसून राहिला: बरकत.

एकदा अक्कांना बोलून गेले.

अक्का म्हणजे आमच्या शेजारीण. लिंगायत घर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे आणि तोंडात सतत काहीतरी. त्या मला भाबी म्हणतात. माझी भाजी, दूध, औषध सगळं त्या काळात अक्कांनीच भिंतीवरून दिलं. सिलिंडर अजून चालतो आहे, त्यांच्या हातची बरकत असावी, असं मी म्हटलं तेव्हा त्या निवडत असलेली मेथी हातात धरून थांबल्या. अक्का बोलता बोलता थांबल्या असं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "लई चांगला हात होता भाईंचा." आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

त्याच सुमाराला आखातात तणाव वाढला. समुद्राच्या अरुंद तोंडाशी जहाजं थांबली. मला ते तोंड माहीत होतं. त्यांनी जेवणाच्या ताटावर, चटणी आणि भाकरीचे तुकडे मांडून मला ते दाखवलं होतं. "इतकीच वाट. इकडून सगळे जातात. दोस्त पण, दुश्मन पण. सगळ्यांना माहीत असतं, ही बंद झाली की कुणाचीच चूल पेटणार नाही." महिन्याभरात ती गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत आली. नंबर लावून पंधरा-वीस दिवस झाले तरी गाडी येईना. उमरग्याच्या हॉटेलांनी मागच्या अंगणात लाकडाच्या चुली मांडल्या, असं ऐकलं. अक्का रोज सकाळी आदल्या दिवसाचा पेपर भिंतीवरून देत आणि मी त्यांना वाचून दाखवत असे.

"भाबी, जहाज आलं का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मुरुमच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागली का, हे विचारावं तसा.

"नाही अक्का. बोलणी चालली आहेत."

"कुणाकुणाची?"

मी देशांची नावं वाचायचे. अक्का बोटं मोडत.

"एवढी माणसं बोलायलीत अन् एका बी घरात चहा न्हाय. भांडण त्यांचं अन् चूल माझी. त्यास्नी म्हणावं, एक दिवस माझ्या घरी या, तुराट्यावर भाकरी करून दाखवा, मग बसा बोलत."

एके दिवशी पेपरात आलं, की काही देशांनी स्वतःकडे निघालेली जहाजं वळवून जास्त गरज असलेल्यांना द्यायचं कबूल केलं आहे. मी ते दोनदा वाचलं. हे मला नवीन नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, की भर समुद्रात जहाजाची दिशा बदलते. एका देशासाठी निघालेलं जहाज दुसऱ्याकडे जातं, कारण तिथं थंडी पडलेली असते, आणि पुढं कधीतरी त्यांचं जहाज यांच्याकडे येतं. मी विचारलं होतं, "पण मग तो गॅस नक्की कुणाचा?" त्यावर ते बराच वेळ हसले होते. "गॅसला नाव नसतं गं. टाकीत गेला की गेला. ज्याच्या घरी पेटतो, त्याचा."

त्या वेळी मी हे नुसतं ऐकून घेतलं होतं.

अक्कांची लेक बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. अक्कांनी भिंतीवरून साखरेची वाटी दिली आणि म्हणाल्या, "नाक आजीवर गेलंय, आता काय करायचं!" चार दिवस पलीकडून डिंकाचा, बाळंतशेपाचा वास आला. पाचव्या दिवशी धुराचा वास आला.

तुराट्यांचा धूर मला लहानपणापासून ओळखीचा आहे. आधी गोडसर आणि मग डोळ्यांत जाणारा. अक्कांच्या अंगणात तीन दगड मांडून चूल केलेली होती. वर पाण्याचं मोठं भगुलं. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता, त्यामुळे बहुतेक धूर त्यांच्याच घरात, बाळंतिणीच्या खोलीत जात होता. अक्कांचा सिलिंडर संपला होता. त्या मला बोलल्या नाहीत. दुपारी भिंतीपलीकडून पोरीचं खोकणं ऐकू आलं. पाच दिवसांच्या बाळाचं खोकणं हे खोकण्यासारखं नसतं. शिंकेच्या आणि रडण्याच्या मधलं काहीतरी असतं. ते थांबलं की मी वाट बघायचे, आणि मग ते पुन्हा यायचं.

मी उठून शेगडीपाशी गेले. चहाची वेळ नव्हती तरी ज्योत पेटवली आणि लगेच बंद केली. आदल्या जुम्म्याला ओल बुडापासून चार बोटं वर होती. माझ्या हिशेबानं इद्दत संपेपर्यंत तो पुरला असता. इद्दतीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या ज्योतीवर खीर करायची आणि त्यांच्या नावानं फातिहा द्यायचा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तेवढं झालं की संपू दे, असं वाटायचं. पलीकडे बाळ खोकत होतं, आणि मी, वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवणारी बाई, ओट्याला हात टेकून उभी राहिले. दुसऱ्याही दिवशी उभी राहिले. हे लिहायला नको वाटतं, पण तसं झालं. पूर्ण दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोकण्याचा आवाज बारीक झाला. कमी झाला नाही, बारीक झाला. मी परसदारी गेले आणि हाक मारली.

"अक्का, इकडे या. टाकी घेऊन जा."

अक्का पदरानं डोळे पुसत आल्या. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते.

"कुठली टाकी?"

"माझी. बाळाला त्रास होतोय."

"काही नगं. आमी काय चुलीवर वाढलो न्हाय व्हय? माझी सगळी लेकरं धुरातच झाली, एक बी काळं न्हाय."

"अक्का."

"भाबी, सुतकाच्या घरातनं काय न्यायचं नसतंय. तुमच्यात बी न्हाय अन् आमच्यात बी न्हाय. तुमचे दिस सरू द्या."

"मग मी उचलून भिंतीवरून टाकीन."

"टाका. तुमच्या अंगात घागर उचलायचं बळ न्हाय, निघाल्या टाकी टाकायला," असं म्हणत अक्का भिंतीच्या पडलेल्या कोपऱ्यातून आत आल्या. मला वाटतं, त्या यायचंच ठरवून आल्या होत्या; तेवढं भांडण व्हायला हवं होतं म्हणून झालं.

मी रेग्युलेटर काढला. तो सुटताना जो एक 'टक्' आवाज झाला, तो मी कितीतरी दिवस मनात ऐकला होता आणि घाबरले होते. प्रत्यक्षात तो फार लहान होता. अक्कांनी वाकून सिलिंडर कोनाड्यातून ओढला, बुडाच्या कडेवर तिरका केला आणि फिरवत उजेडात आणला. फिरताना त्याची भिंतीकडची बाजू माझ्यासमोर आली.

तिच्यावर विभूतीचे तीन आडवे पट्टे होते. वाळलेले, फिकट, तीन बोटांनी ओढलेले. अक्का नवी टाकी आली की तिला तशीच विभूती लावतात. आम्ही दोघं त्यावरून त्यांची थट्टाही करायचो.

मी पट्ट्यांकडे बघत राहिले. अक्का टाकीकडे बघत राहिल्या.

"एजन्सीत लावलं असंल कुणीतरी," त्या म्हणाल्या. "तिथला माणूस बी आमच्यातलाच असंल."

"अक्का, ही टाकी तुमची आहे?"

त्या खाली बसल्या. टाकीला टेकूनच बसल्या. मग एकेक करून सांगितलं. ते गेले त्या सकाळी माझ्या नणंदेनं भावाच्या शेवटच्या अंघोळीचं, गुस्लचं, पाणी गॅसवर ठेवलं होतं, बोरीचा पाला घालून. पाणी अर्धं तापलं आणि शेगडी विझली. सिलिंडर संपला होता. बाहेर माणसं जमलेली, थंडी मोठी. अक्कांच्या घरी आदल्याच दिवशी नवी टाकी आली होती. त्यांनी ती लोळवत आणली आणि स्वतः जोडली.

"भाईनीच शिकवलं हुतं मला. साबणाचा फेस बी लावला. बुडबुडा न्हाय आला. मग पाणी चांगलं कढत झालं. गार पाण्यानं न्हाय घातली त्यास्नी अंघोळ, एवढं ध्यानात ठिवा."

"मला सांगितलं का नाही?"

"दुखाच्या घरी दिल्यालं सांगत असत्यात व्हय? पुन्हा तुम्ही त्या दिवशी बरकत म्हणलात. मग तर तोंडच शिवलं माझं." टाकीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमची रिकामी टाकी म्या भरून आणली. ती सरली, तिच्यामागची बी सरली आता."

म्हणजे माझ्या पतींनी जोडलेला गॅस त्यांच्याबरोबरच संपला होता. शेवटचं पाणी अर्धं तापवून. उरलेलं अर्धं अक्कांच्या टाकीवर तापलं. आणि चार महिने मी ज्या ज्योतीसमोर बसून होते, जिच्यात मला त्यांचा हात दिसत होता, ती शेजारच्या घरातून लोळवत आलेली होती. आणि जिची ती होती, तिच्या नातीला धुरात ठेवून मी ती राखत बसले होते. मला रडू आलं. रडता रडता मला त्यांचं ते हसणं ऐकू आलं, ताटावर चटणीचा समुद्र मांडून बसलेल्या माणसाचं. ज्याच्या घरी पेटतो, त्याचा.

"अहो, असं काय," अक्का म्हणाल्या. "धुरानं मी रडायली अन् तुम्ही बिनधुराच्या. उठा. धरा एका बाजूनं."

मी धरलं. इद्दतीत घराबाहेर पडायचं नसतं. मी भिंतीच्या पडलेल्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून टाकी पलीकडे सरकवली. अक्कांनी फेस लावला. मला दिसावं म्हणून दार उघडं ठेवून. मग आतून 'भप्प' झालं, आणि थोड्या वेळानं अंगणातल्या तुराट्यांवर अक्कांनी तांब्याभर पाणी ओतलं. ती वाफ वर गेली आणि मग त्या अंगणात धूर राहिला नाही.

पुढचे दिवस एकाच चुलीचे होते. सकाळी अक्का भिंतीवर चहाचा तांब्या ठेवायच्या, दुपारी भाकरी. मी तांदूळ भिजवून पातेलं भिंतीवर ठेवायचे, ते शिजून परत यायचं. बाळाचं खोकणं दोन दिवसांनी थांबलं. तेल लावताना ती जोरजोरात रडायची, आणि मी भिंतीपाशी खुर्ची टाकून ते ऐकत पेपर वाचायचे. समुद्राच्या तोंडाशी एकेक जहाज सोडायचं ठरलं होतं. अक्का विचारायच्या आणि मी सांगायचे, की पहिलं सुटलं, दुसरं सुटलं. शेवटच्या दिवसाची खीर अक्कांच्या शेगडीवर, त्यांच्या पातेल्यात झाली. फातिहा मी माझ्या घरात दिला. दोन वाट्या भिंतीवरून परत गेल्या.

इद्दत संपली, त्याच्या तिसऱ्या दिवशी गल्लीत गॅसची गाडी आली. घंटा लांबून ऐकू आली. अक्का ओरडल्या, "भाबी, आलं वाटतं जहाज!" दोन्ही घरांचे सिलिंडर उतरले. त्यांच्या टाकीला त्यांनी विभूती लावली. माझ्याकडे बघून बोटं तशीच धरून थांबल्या. मी मान हलवली. त्यांनी माझ्याही टाकीला लावली, या वेळी समोरच्या बाजूला.

मी ती स्वतः जोडली. वाटीत फेस केला, त्यांचा दाढीचा ब्रश घेतला, वाकून बघितलं. बुडबुडा आला नाही. मग पेन्सिल शोधली आणि कोनाड्याजवळ खाली बसले. त्यांच्या शेवटच्या तारखेखाली आजची तारीख लिहायला हात नेला, आणि तसाच ठेवला. मध्ये एक तारीख राहिली होती. अक्कांची टाकी ज्या दिवशी लागली, ती. तो दिवस मी त्या चार महिन्यांत कुठंही, कशावरही लिहिला नव्हता. वाचनालयाच्या रजेच्या अर्जातसुद्धा ती जागा नणंदेनं भरली होती.

मी पेन्सिलीला टोक केलं. आधी ती तारीख लिहिली, सावकाश, एकेक आकडा. मग तिच्याखाली आजची.

नंतर उठून चहा ठेवला. दोन कप, एक भिंतीपलीकडचा.